जर्मेनियमला रविवार नसतो

ट्रॅव्हल्सच्या डिकीत बॅगा टाकणाऱ्या पोराने आमची बॅग उचलली, परत खाली ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, जातं घेऊन चाललाव का पुण्याला?"

जातं नव्हतं, पण दगडच होता. गॅमा किरण मोजणाऱ्या डिटेक्टरांवर पुण्यातल्या एका संस्थेत कॉलेजच्या शिक्षकांसाठी चार दिवसांची कार्यशाळा होती, आणि प्रत्येकाने सोबत एक विद्यार्थी आणायचा होता. पत्रात शेवटी एक ओळ होती: आपल्या गावचा मूठभर आकाराचा दगड आणावा. आमच्या देगलूर भागात लाल ग्रॅनाइटला तोटा नाही. माझ्यासोबत आलेली बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाची पोरगी खदानीशेजारच्या गावातली. मूठभर म्हणजे कोणाची मूठ, हे पत्रात लिहिलं नव्हतं, म्हणून तिने अडीच किलोचा दगड जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणला. पाच दिवस तो आमच्याबरोबर फिरला.

पहिला दिवस, बुधवार

गाडी तीन तास उशिरा पोचली आणि हडपसरलाच सगळ्यांना उतरवून मोकळी झाली. त्यावर जास्त लिहीत नाही. मावशी सदाशिव पेठेत राहते. तिच्याकडे पिशव्या टाकल्या, पोहे खाल्ले आणि रिक्षाने संस्थेत गेलो, तर पहिलं व्याख्यान अर्धं झालेलं. (मराठवाड्यातून रात्रीच्या गाडीने येणार असाल तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी या. सकाळी सहाला पोचवतो म्हणणाऱ्यावर विसंबू नका.)

दिवस वसूल झाला तो दुपारी, प्रयोगशाळेत.

जर्मेनियम डिटेक्टर मी पुस्तकातल्या आकृतीत अठरा वर्षं शिकवला होता, डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिला. बघायला अगदी साधा. खाली दुधाच्या मोठ्या कॅनसारखी टाकी, तिच्यातून वर आलेली नळी आणि नळीच्या टोकाला चहाच्या डब्याएवढी ॲल्युमिनियमची टोपी. त्या टोपीत निर्वात पोकळीत मुठीएवढा जर्मेनियमचा स्फटिक. त्याच्या शुद्धतेचा हिशेब ऐकून शेजारचे साताऱ्याचे सर पेन खाली ठेवून बघत राहिले: साधारण लाख कोटी अणूंमागे एखादा परका अणू. गॅमा किरण आत शिरून ऊर्जा सोडतो तेव्हा इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि ते मोजले की ऊर्जा कळते. पण जर्मेनियमचा पट्टा-अंतराळ (बँड गॅप, म्हणजे मोकळं व्हायला इलेक्ट्रॉनला लागणारी किमान ऊर्जा) जेमतेम ०.६७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. खोलीच्या नुसत्या उबेनेही इलेक्ट्रॉन उड्या मारायला लागतात आणि त्या गलक्यात गॅमाचा आवाज बुडतो. म्हणून स्फटिक द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवायचा. नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो.

हा नायट्रोजन भरणारे मामा जुन्नरकडचे. सगळी संस्था त्यांना मामाच म्हणते. टाकीत किती उरलाय हे बघायची त्यांची रीत मी मुद्दाम दोनदा बघितली. एक लांब लाकडी पट्टी टाकीच्या तोंडातून सावकाश तळापर्यंत सोडायची, दहापर्यंत मोजायचं, बाहेर काढायची आणि हवेत दोनदा हलवायची. जेवढा भाग द्रवात बुडला होता तेवढ्यावर पांढरं दव गोठतं. दवाची रेघ जिथे संपते ती पातळी. पट्टीवर त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्यात. आकड्यांत नव्हे, वारांत: 'शुक्र', 'सोम'.

"ह्याला अन् म्हशीला सुट्टी कळत नाय," मामा म्हणाले. "दिवाळी असो, आयतवार असो, पाणी दावायला यावंच लागतंय."

पूर्वी तर याहून वाईट होतं म्हणे. १९६० नंतर जे लिथियम भरलेले जर्मेनियम डिटेक्टर आले, ते बनल्या दिवसापासून कायम थंडच ठेवावे लागत. एकदा जरी कोमट झाले तर लिथियम जागचं हलायचं आणि लाखमोलाचा स्फटिक वाया. आताचे अतिशुद्ध जर्मेनियमचे डिटेक्टर गरम झाले तरी मरत नाहीत. फक्त गरम असताना त्यांना दोन-तीन हजार व्होल्टचा दाब द्यायचा नाही.

नायट्रोजन भरताना बघायला मिळणार असेल तर पायात बंद बूट घाला. मी चप्पल घालून गेले होते, मामांनी दारातच थांबवलं. जमिनीवर सांडलेले थेंब पाऱ्यासारखे पळतात आणि चपलेच्या पट्ट्यात अडकले तर चटका बसतो. खोलीचं दारही उघडं ठेवतात, कारण एक लिटर द्रवाचा जवळपास सातशे लिटर वायू होतो आणि बंद खोलीत तो प्राणवायूला बाहेर ढकलतो.

रात्री मावशीकडे आमरस. पोरगी तीन वाट्या प्यायली आणि झोपेतच म्हणाली, "मॅडम, पट्टीचं भारी होतं."

दुसरा दिवस, गुरुवार

सकाळी साडेसातला नारायण पेठेत बेडेकरांकडे मिसळ खाल्ली. रस्सा गोडसर, आम्हा नांदेडकडच्या जिभेला त्यात तिखट कुठंय असं वाटणारच. पोरगीने शेजारच्या टेबलावरच्या काकांना विचारलं, "काका, ह्यात मिरची नंतर येते का?" काकांना हसू आवरेना. पण मला ती मिसळ आवडते. लवकर जा, नऊनंतर उभं राहावं लागतं.

कार्यशाळेत प्रत्येकाला घरून एक वस्तू आणायला सांगितली होती. मावशीला बीपी आहे म्हणून ती कमी सोडियमचं मीठ वापरते. तो पुडा आम्ही उचलला. कोणी केळी, कोणी विटेचा तुकडा, कोल्हापूरच्या सरांनी चक्क गूळ आणलेला.

आधी सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर. यात गॅमा शिरला की स्फटिक मिणमिणतो आणि तो उजेड मोजायचा. रॉबर्ट हॉफस्टॅटरने १९४८ साली थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा हा गुण दाखवला, आणि पाऊणशे वर्षांनंतरही तो लॅबोलॅबी आहे, कारण स्वस्त आणि मोठा मिळतो. दोष असा की हवेतली ओल शोषतो. मामांनी कपाटातून फुटक्या आवरणाचा एक जुना स्फटिक काढून दाखवला. पिवळाधमक. "ह्याला कावीळ झालीय," ते म्हणाले.

कोबाल्ट-६० समोर ठेवला. त्याच्या दोन रेषा, म्हणजे ठरलेल्या ऊर्जेचे दोन गॅमा, ११७३ आणि १३३२ केईव्हीला (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट). सोडियम आयोडाइडमध्ये त्या दोन टेकड्या दिसल्या, पायथ्याला एकमेकींत मिसळलेल्या. मग तोच स्रोत जर्मेनियमसमोर नेला आणि पडद्यावर दोन सुया उभ्या राहिल्या. टेकडीची रुंदी सत्तर-ऐंशी केईव्ही, सुईची दोन. वर्गात मी 'रिझोल्यूशन' हा शब्द शंभर वेळा फळ्यावर लिहिला असेल. पुढच्या वर्षी आधी ही दोन चित्रं दाखवीन, शब्द नंतर.

मिठाचा पुडा शिशाच्या विटांच्या गढीत ठेवून जेवायला गेलो. परत आलो तर १४६१ केईव्हीला नीट शिखर उभं. पोटॅशियम-४०. सोडियम कमी करायला त्यात पोटॅशियम क्लोराइड घालतात, आणि जगातल्या सगळ्या पोटॅशियममध्ये हा किरणोत्सारी भाऊ असतोच. केळ्यात, गुळात, आपल्यातही. साठ-सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सेकंदाला चार हजारांवर पोटॅशियमचे अणू फुटत असतात. साताऱ्याच्या सरांनी लगेच डिटेक्टरपासून खुर्ची मागे घेतली. "सर, तुमच्यामुळे वाढतंय," कोणीतरी म्हणालं.

मग आमचा दगड. तो गढीत मावेना, दोन विटा काढाव्या लागल्या. पण शिखरं अशी आली की बाकीचे उठून बघायला आले. १४६१ तर होतंच, शिवाय थोरियमच्या मालिकेतलं २६१४ आणि युरेनियमच्या मालिकेतलं ६०९. त्याच्याशेजारी वेताळ टेकडीवरून आणलेला पुण्याचा काळा दगड ठेवला, तर आलेख जवळजवळ सपाट. दख्खनचा बेसाल्ट खोल प्रावरणातून वर आलेल्या लाव्ह्याचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात पोटॅशियम, थोरियम, युरेनियम मुळातच कमी. ग्रॅनाइट होताना हीच मूलद्रव्यं शेवटच्या वितळलेल्या रसात साठत जातात. पोरगीची छाती दोन इंच फुगली. "आमचा दगड जड हाय की नाय, मॅडम?"

दुपारचं सत्र कॉम्प्टनचं. गॅमा दरवेळी आपली सगळी ऊर्जा स्फटिकात टाकतोच असं नाही. बऱ्याचदा एका इलेक्ट्रॉनला धक्का मारून, थोडी ऊर्जा देऊन बाहेर सटकतो. ही उधारीची खाती शिखराच्या डावीकडे पसरतात आणि बारीक शिखरं त्यांत बुडतात. उपाय असा की जर्मेनियमभोवती बिस्मथ जर्मेनेट या दुसऱ्या डिटेक्टर-स्फटिकाचं कडं बसवायचं. दोघांत एकाच क्षणी काही दिसलं की समजायचं, हा पळपुट्या, याला खात्यात धरू नका.

'क्लोव्हर' डिटेक्टरचा प्रकार यापुढचा. एकाच आवरणात चार स्फटिक, चार पानांसारखे चिकटून. एकातून सटकलेला गॅमा शेजारच्यात सापडला तर दोन्हींची बेरीज करायची. समजावणारा संशोधक पोरगा भोरचा, त्याने सांगितलं ते असं: एका वाड्यात चार भाऊ, पाहुणा थोरल्याकडे जेवला, धाकट्याकडे ताक प्यायला, खर्च वाड्याच्या एकाच वहीत. आपल्या देशात असे २४ क्लोव्हर मांडता येतील असा संच आहे, इंडियन नॅशनल गॅमा ॲरे. त्याचं बिऱ्हाड पाठीवर. मुंबईला टीआयएफआरमध्ये, दिल्लीला आययूएसीत, कोलकात्याला व्हीईसीसीत, असं या तीन संशोधन संस्थांत आळीपाळीने फिरतं. भोरच्या पोराने मुंबईत त्याच्यावर रात्रपाळ्या केल्यात. क्लोव्हरच्या टाक्या लहान, त्या दिवसातून अनेकदा भराव्या लागतात. भरणं आपोआप होतं, तरी पहाटे तीनला अलार्म वाजला की पोटात गोळा येतो म्हणाला.

संध्याकाळी प्रत्येक जोडीला काडेपेटीहून थोडा मोठा डबा दिला. आत सीझियम आयोडाइडचा एक घन सेंटिमीटरचा स्फटिक, आकडे मोबाइलवर. घरी नेऊन मोजा म्हणाले. मावशीने मागच्या वर्षी कडप्पा काढून लालसर ग्रॅनाइटचा ओटा बसवलाय. दिवाणखान्यात सेकंदाला सात नोंदी, ओट्यावर अकरा-बारा, गॅलरीत पडलेल्या जुन्या कडप्प्यावर सहा. मावशीचा चेहरा पडला. "म्हणजे आता ओटा काढायचा?"

"मावशी, आम्ही त्याच दगडावर राहतो," मी म्हटलं. "पिढ्यान्‌पिढ्या." तरी तिने मिठाचा पुडा ओट्यावरून उचलून फळीवर ठेवला.

तिसरा दिवस, शुक्रवार

खरं तर मी आले होते आजच्या दिवसासाठी. व्याख्यान द्यायला आलेल्या बाई मूळच्या सांगलीच्या. जपान आणि युरोपात किरणोत्सारी झोतांवर अनेक वर्षं काम केलेलं. (झोत मी म्हणतेय, तिथे सगळे बीमच म्हणतात.)

पहिलाच प्रश्न: "मॅजिक नंबर कोण शिकवतं?" पाच-सहा हात वर. "सांगा." मी पाठ म्हटलं: २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. एवढे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असले की अणूचं केंद्रक जास्त घट्ट. कारण मांडलं मारिया मेयर आणि येन्सन यांनी, १९४९, पुढे १९६३चं नोबेल. बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर. आता हे सगळं स्थिर केंद्रकांवरून आलंय, हेही मुलांना सांगता का?"

नव्हते सांगत.

त्यांनी मांडलं ते माझ्या शब्दांत सांगते. केंद्रकाला थोडी ऊर्जा दिली की तो वरच्या पायरीवर चढतो आणि गॅमा सोडून खाली येतो. पहिली पायरी उंच असेल तर केंद्रक घट्ट, मॅजिक. कॅल्शियम-४०मध्ये तुलनेसाठी धरतात ती पायरी ३९०४ केईव्हीला. मॅग्नेशियम-३२मध्येही न्यूट्रॉन वीसच, म्हणजे पायरी उंच हवी, पण ती सापडली ८८५ला. वीसची जादू तिथे गेलेली. उलट कॅल्शियम-५४मध्ये ३४ न्यूट्रॉन, आमच्या यादीत नसलेला आकडा, आणि पायरी २०४३ला, शेजाऱ्यांच्या मानाने उंच. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. निकेल-७८मध्ये २८ प्रोटॉन आणि ५० न्यूट्रॉन, दोन्ही जादूचे. तिथली पायरी २६०० केईव्हीच्या आसपास, म्हणजे तिथे जादू टिकली. ते २०१९ साली. दोन्ही मोजमापं जपानमधल्या रिकेन या संशोधन संस्थेतली.

अडचण अशी की ही केंद्रकं सेकंदाच्या लहानशा भागात मरतात, त्यांचं निशाण (टार्गेट) करून समोर ठेवता येत नाही. मग त्यांचाच झोत करायचा. एक रीत जिनिव्हाच्या सर्न या संशोधन केंद्रात १९६७पासून चालू असलेल्या आयसोल्डे या यंत्रणेची: जाड तापलेल्या निशाणावर प्रोटॉन मारायचे, आत तयार झालेले अणू बाहेर झिरपू द्यायचे, हवे ते वेगळे काढून पुन्हा पळवायचे. दुसरी रिकेनची: जड केंद्रकं भरधाव पातळ निशाणावर आपटायची आणि उडालेल्या कपच्या चुंबकांनी चाळून घ्यायच्या. आपल्याकडे दिल्लीला लिथियम-७ हायड्रोजनवर मारून बेरिलियम-७चा झोत करतात, त्याचं अर्धायुष्य ५३ दिवस.

नेहमीच्या झोतात सेकंदाला अब्जावधी कण. या दुर्मीळ झोतांत कधी सेकंदाला हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यामुळे एकही गॅमा निसटू द्यायला परवडत नाही आणि डिटेक्टर निशाणाला अगदी कवटाळून मांडावे लागतात. पण मग दुसरी भानगड. रिकेनला कपच्या प्रकाशाच्या साठ टक्के वेगाने पळतात, आणि पळत्या कपचीतून निघालेल्या गॅमाची ऊर्जा पुढून जास्त, मागून कमी दिसते (डॉप्लर परिणाम). बाईंनी कॅल्क्युलेटर काढायला लावले. २०४३चा गॅमा पुढच्या डिटेक्टरला केवढा दिसेल? पोरगी सगळ्यांच्या आधी ओरडली, "चार हजार शहाऐंशी!" बरोबर दुप्पट. आडव्या दिशेला १६३४. मागे १०२१, निम्मा. एकाच केंद्रकाचा एकच गॅमा, आणि घराच्या प्रत्येक खिडकीतून वेगळा.

म्हणून गॅमा कुठल्या कोनातून आला हे कळल्याशिवाय दुरुस्ती होत नाही, आणि डिटेक्टर मोठा व जवळ असला की कोनच धूसर होतो. जर्मेनियमची दोन केईव्हीची सुई अशा वेळी फुकट जाते. रिकेनची ती दोन्ही मोजमापं सोडियम आयोडाइडच्या 'डाली-२' या संचाने केलेली, तीही निकेल-७८साठी १८६ स्फटिक लावून. काल ज्या टेकड्यांना आम्ही नावं ठेवली त्यांनीच. वेगवान झोतात आधी गॅमा पकडणं महत्त्वाचं, सुई नंतर. दोन्ही हवं असेल तर स्फटिकाचे विजेच्या दृष्टीने तुकडे पाडायचे. युरोपच्या 'अगाता'मध्ये प्रत्येक जर्मेनियम स्फटिकाचे ३६ भाग असतात आणि असे १८० स्फटिक करायचा बेत आहे. अमेरिकेच्या 'ग्रेटा'चा १२०चा. विजेच्या स्पंदाच्या (पल्सच्या) आकारावरून गॅमा आत कुठे आदळला हे काही मिलिमीटरपर्यंत कळतं आणि त्याची पावलं जोडता येतात. मग पळपुट्यांना हाकलायला कडंही लागत नाही, कारण ते कुठून कुठे गेले हेच दिसतं.

मी विचारलं, "आणि आमच्या दगडाचा गॅमा? तो तिथेही असेलच ना, भिंतीत, जमिनीत?"

"असतो तर! मावशींच्या ओट्याचासुद्धा." झोतातला प्रत्येक कण निशाणाआधी आणि नंतर ओळखून घेतात आणि त्याच्यासोबत, काही नॅनोसेकंदांच्या खिडकीत आलेला गॅमाच ठेवतात. बाकी सगळं फेकून. त्याहून जास्त त्रास झोताचाच: कण कुठे जवळपास अडकून राहिले की तिथेच फुटत बसतात आणि त्यांचे गॅमा आत येतात. बाईंच्या एका प्रयोगात बऱ्याच दिवसांच्या पाळ्यांनंतर शिखरात जेमतेम काही डझन नोंदी होत्या. "रात्री दोनला एक नोंद वाढायची आणि आम्ही भडंगाचा डबा फिरवायचो," त्या म्हणाल्या. सांगलीहून नेलेलं भडंग. जपानी सहकाऱ्यांना शेंगदाणे वेचून खायची सवय लागली होती.

चहाच्या वेळी त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. लँथॅनम ब्रोमाइड नावाचा नवा स्फटिक आहे, सोडियम आयोडाइडपेक्षा दुप्पट चोख. पण लँथॅनममध्येच लँथॅनम-१३८ असतो, त्याची स्वतःची रेष १४३६ला, पोटॅशियमच्या १४६१ला खेटून. चोर पकडायला ठेवलेल्या रखवालदाराचाच खिसा वाजतो.

पाचला मावशीकडे परतलो तर आभाळ काळं झालेलं. डबा मी गॅलरीत ठेवला होता. आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग पाच मिनिटं गारा. मावशी पापड गोळा करायला धावली आणि वीज गेली. वळवाचा पाऊस पुण्यात असाच येतो, पाहुण्यासारखा नव्हे, वसुलीला आल्यासारखा. अंधारात पोरगी मोबाइल बघत म्हणाली, "मॅडम, डबा बिघडला. आकडा चढायलाय."

सहा होता तो नऊ झालेला. मी डबा आत आणला, पुसला, पुन्हा बाहेर ठेवला. नऊच. मग ट्यूब पेटली. जमिनीतून निघालेला रेडॉन हवेत असतो, त्याची पोरं, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, धुळीच्या कणांना चिकटतात. पाऊस ती सगळी धुऊन खाली आणतो. शिशाचं अर्धायुष्य सुमारे २७ मिनिटं, बिस्मथचं २०, म्हणजे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा उतरायला हवा. मेणबत्तीच्या उजेडात दर दहा मिनिटांनी वहीत नोंद केली. आठ. साडेसात. जेवणं झाल्यावर सहा. पोरगीने वहीचं पान फाडून पिशवीत ठेवलं, म्हणे प्रोजेक्टला लावते.

वर्षातून एखादा पहिला पाऊस तुमच्याही गावात पडतो. असा डबा कोणाकडे असेल तर तो आधीच गच्चीवर ठेवा, पाऊस सुरू झाल्यावर शोधू नका.

चौथा दिवस, शनिवार

कालच्या पावसात संस्थेतलीही वीज गेली आणि यूपीएसने मान टाकली. डिटेक्टरचा दाब उतरलेला. टाकीत नायट्रोजन होता म्हणून स्फटिक थंडच राहिला, पण दाब पुन्हा चढवायला घाई चालत नाही. शंभर व्होल्ट, थांबा, बघा, पुन्हा शंभर. अर्धा दिवस त्यातच गेला आणि हाताने युरोपियम-१५२चा आलेख घ्यायचा आमचा प्रयोग बुडाला. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढ्या लांबून येऊन फोटोतला आलेख बघायचा. एक फायदा झाला: सगळ्या आलेखांच्या कच्च्या फाइली पेनड्राइव्हवर मागून घेतल्या. तुम्हीही मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही आणि मागितल्यावर कोणी नाही म्हणत नाही.

दुपारी मोकळ्याच होतो, तेव्हा जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरात गेलो. आठव्या शतकातलं लेणं, सगळं एका बेसाल्टात कोरलेलं, पुढे गोल नंदीमंडप. रस्त्यावर एवढी वाहनं आणि चार पायऱ्या उतरलं की गार. डब्यावर सात होते ते आत पाच. चारही बाजूंनी दगड असून कमी! पोरगी खांबाला हात लावून म्हणाली, "गरीब दगड हाय." पुजारी बघत होते, त्यांना डबा दाखवला. त्यांनी विचारलं, "देवाचं काही दिसतं का यात?" मी नाही म्हटलं. "मग बरंय," म्हणाले आणि हातावर साखरफुटाणे ठेवले.

नंतर आंबा मस्तानी. दोघींत एक घ्या, पुरते.

पाचवा दिवस, रविवार

रात्रीची गाडी, डबा परत करायचा होता, मधे सकाळ मोकळी. मेट्रोने डेक्कनहून मंगळवार पेठेत उतरून जुन्या बाजारात गेलो. तो बुधवारी आणि रविवारीच भरतो. पितळी कुलपं, घड्याळं, ग्रामोफोनचे कर्णे, बिनजोडीचे बूट. मला रेडियमच्या तबकडीचं जुनं घड्याळ हवं होतं. "रेडियमवालं आहे का?" असं विचारल्यावर दुकानदाराने समोरचा माणूस दाखवला, तो गाड्यांच्या नंबरप्लेटचे चमकते स्टिकर विकत होता. आपल्याकडे रेडियम म्हणजे स्टिकर. त्या चमकत्या कागदात रेडियमचा कणही नसतो, पण शब्द मात्र चिकटून बसलाय.

घड्याळं चार तपासली, एकही बोललं नाही. कंटाळून निघालो, तेवढ्यात एका पेट्रोमॅक्सच्या ढिगाजवळ डबा एकदम उसळला. सात, पंधरा, तीस. दिव्यात काही नव्हतं. शेजारच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या मँटलची पाकिटं होती. लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरायच्या त्या गॅसबत्त्यांची जाळी थोरियमच्या क्षारात भिजवलेली असायची, तापली की थोरियम ऑक्साइड पांढराशुभ्र उजेड द्यायचा. मी लहानपणी ती राख बोटाने फोडून पाहिली होती, आजोबांच्या हातचा मारही खाल्ला होता. दुकानदार आमच्याकडे संशयाने बघू लागला. "काय, सोनं दाखवतंय का?" तीस रुपये म्हणत होता, दोन पाकिटं वीसला दिली. (घेतलीत तर पाकीट फोडू नका, राख करू नका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. बंद पिशवीत, शिकवण्यापुरतं.)

दुपारी डबा परत द्यायला संस्थेत गेलो तर सगळीकडे कुलपं. फक्त प्रयोगशाळेचं दार उघडं आणि आतून धुक्याचा लोळ. मामा हातमोजे घालून ओतत होते. बाजूच्या टेबलावर आमचा दगड, कागदांवर वजन म्हणून ठेवलेला.

"ऱ्हाऊ दे का इथं?" त्यांनी विचारलं. "वाऱ्यानं कागदं उडत्यात."

पोरगीने मान डोलावली. मग मामांनी तिच्या पायातले बूट बघितले आणि पट्टी तिच्या हातात दिली. तिने ती सावकाश सोडली, ओठांतल्या ओठांत दहा मोजले, बाहेर काढून दोनदा हलवली. पांढरी रेघ वर वर सरकत आली आणि थांबली.

"शुक्र," ती म्हणाली.

मामांनी वाकून बघितलं. "शुक्रच्या खाली दोन बोटं," ते म्हणाले. "परत घाल."